नाव राहिलं, सायटेशन गेलं

दरवर्षी ती टॉप 2 टक्के शास्त्रज्ञांची यादी आली की पेपरांत 'अमुक कॉलेजचे तमुक सर जगात झळकले' छापाच्या बातम्या सुरू होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बुके. यादी बनते मुख्यतः सायटेशनवरून, म्हणजे तुमच्या पेपरचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला त्यावरून. एच-इंडेक्स पण त्यातलाच, 20 असेल तर तुमच्या 20 पेपरांना प्रत्येकी निदान 20 सायटेशन. वापरा की, पण माझं म्हणणं असं की ऑर्गॅनिक केमिस्टचं काम खरंच मुरलं तर सायटेशन वाढायच्या ऐवजी बंदच पडतं.

उदाहरण कृष्णसामी वेंकटरामन यांचं (नोबेलवाले वेंकी वेगळे). जन्म 1901 चा, मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सनकडे रिसर्च, मग लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात, तिथून 1934 ला मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, यूडीसीटीत, म्हणजे आत्ताच्या माटुंग्याच्या आयसीटीत. 1938 ला तिथले पहिले भारतीय डायरेक्टर आणि 1957 ला पुण्यात एनसीएलचेही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय डायरेक्टर. रंगांच्या केमिस्ट्रीवरचे त्यांचे जाडजूड खंड आठ, पहिले दोन 1952 चे. पण मला प्रेम आहे ते लाहोरच्या दिवसांतल्या एका रिअ‍ॅक्शनवर.

बेंझिनची षटकोनी रिंग डोळ्यासमोर आणा. शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर दोन शेपट्या. एक म्हणजे सीओ (कार्बनला जोडलेला ऑक्सिजन) आणि त्याला लटकलेला सीएचथ्री (एक कार्बन, तीन हायड्रोजन). दुसरी म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला बेन्झॉइल गट (सीओ आणि त्यावर आणखी एक बेंझिनची रिंग), म्हणजेच एस्टर. आता यात बेस, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलटा, हायड्रोजन ओढणारा पदार्थ टाकायचा. त्यांनी सोडामाइड वापरला, आम्ही एमएस्सीला पिरिडिनमध्ये कॉस्टिक पोटॅशची पूड. बेस त्या सीएचथ्रीतला एक हायड्रोजन पळवतो पण त्याचे इलेक्ट्रॉन मागेच राहतात, मग तो कार्बन निगेटिव्ह होऊन कुणाला धरू म्हणून टपून बसतो आणि समोर हाताच्या अंतरावर असतो एस्टरचा सीओ. त्याला तो धरतो, क्षणभर सहा अणूंची नवी रिंग तयार होते (सहाची रिंग ऐसपैस, तीन-चारची आवळलेली), आणि मग ती फुटते, पण दुसऱ्याच जागी, ऑक्सिजनकडचा बाँड तुटून. म्हणजे बेन्झॉइल ऑक्सिजनवरून उठला आणि कार्बनवर जाऊन बसला! हाती येतो 1,3-डायकीटोन, दोन सीओंच्या मधे एक सीएचटू. आता हे उलटं का फिरत नाही? कारण त्या सीएचटूचा हायड्रोजन फारच सैल, दोन्हीकडचे सीओ इलेक्ट्रॉन ओढतात, बेसने तो हायड्रोजन काढला की इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना पसरतात, एनर्जी खाली येते आणि अख्खी रिअ‍ॅक्शन त्या उताराला लागते. पुढे अ‍ॅसिड घालून तापवलं की पाणी निघून जातं, रिंग मिटते आणि फ्लेवोन तयार, फुलापानांतल्या कितीतरी फिक्या पिवळ्या रंगांचा सांगाडा.

इथे कुणी सुटलं असेल तर घरातली हळद घ्या. तिच्यातलं कर्क्युमिनही 1,3-डायकीटोनच, आणि बेस दिसला की तेही हायड्रोजन सोडतं. हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो तो त्यामुळे, चुन्यानेही तेच. हळदीच्या पाण्यात गुपचूप चुन्याची निवळी ओतून 'रक्त' काढणारे बाबा याच केमिस्ट्रीवर दुकान चालवतात. वर हीच हळद सगळे रोग बरे करते म्हणणारे फॉरवर्ड वेगळेच, कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम जातं हे त्यात कधी नसतं.

तर ही रिअ‍ॅक्शन 1933 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर आणि लाहोरला वेंकटरामन व त्यांचे सहकारी महाल यांना वेगवेगळी सापडली, म्हणून नाव बेकर-वेंकटरामन. बिचारे महाल नावातून गळाले, ते असंच होतं. आणि नाव पडल्यावर मूळ पेपर कोण उघडतो? 'बेकर-वेंकटरामनने केलं' एवढं लिहून लोक पुढे जातात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे हेरलं होतं, काम इतकं अंगवळणी पडतं की उल्लेखच पुसला जातो. वेंकटरामन यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं रंगांच्या कारखान्यांत गेली, बा. द. टिळक तर 1966 ला एनसीएलचे डायरेक्टर झाले, हे कुठल्या इंडेक्सात धरणार?

आमच्या लॅबमध्ये पिरिडिनचा तो सडक्या मासळीसारखा वास आणि फ्लास्कमध्ये पंधरा मिनिटांत रॉडही फिरेना इतका घट्ट झालेला पिवळा साका अजून आठवतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी रिअ‍ॅक्शनचं नाव ठळक लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मूळ पेपरचा रेफरन्स काही दिला नाही.