उकंडा आणि नकुशी: दोन्ही नावं टोचतात, पण कारण एकदम उलटं

परवा गावात मतदार यादी वाचणं चालू होतं. उकंडराव, कवडू, दगडू, धोंडाबाई अशी नावं आली तर शहरातून आलेली पोट्टी हसायला लागली, असं नाव कोणी ठेवते काय म्हणे. लगेच एकजण बोलला, ते साताऱ्याकडच्या नकुशीसारखंच, नको झालेलं लेकरू. नाही हो, इथंच घोळ होतो. एक नाव जीव लावून ठेवलेलं आहे, दुसरं जीवावर आलं म्हणून.

उकंडा म्हणजे उकिरडा. ज्या घरात एकामागं एक लेकरं जायची तिथं नवं लेकरू झालं की सुपात घालून उकंड्यावर ठेवायचे, मग शेजारची बाई ते सापडलं म्हणून उचलायची अन् मायच्या ओटीत परत द्यायची. कुठं एक कवडी देऊन विकत घ्यायचे, तो कवडू. मरणाची नजर पडू नये, त्याला वाटावं हे तर कचऱ्यातलं, हे कशाला न्यायचं, एवढाच त्यातला भाव. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भारतात हजारातली २०० च्या वर लेकरं वर्षाच्या आतच जात होती, मग माय दुसरं करणार काय? आमच्या आबांचं नाव याच्यातलंच, त्यांच्या आधीची तीन गेली होती, अन् पणजी म्हणे चारचौघात त्यांना कधी माझा पोरगा म्हणत नव्हती, आतल्या खोलीत नेऊन कुरवाळायची.

नकुशीत असं काही लपलेलं नाही. पोरीवर पोरी झाल्या, आता पुढचा तरी पोरगा व्हावा म्हणून नको ती नकुशी, नकुसा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ पोरींचं नव्यानं बारसं केलं, काहींनी ऐश्वर्या नाव घेतलं. वाचून बरं वाटलं मला, खरंच.

पण पोरीचं नाव वाईट म्हणजे ती नकोच होती असंही समजू नका. धोंडाबाई, दगडाबाई ह्या बऱ्याचदा नवसासायासाच्या लेकी, दगडासारखी टिकू दे म्हणून. गुंता आहे तो नत्थूत. पोराचं नाक टोचून नथ घालायचे, मरणाला वाटावं ही पोरगी आहे अन् त्यानं सोडून द्यावं. म्हणजे पोरगा वाचवायला वापरलेली युक्तीच सांगते की पोरगी मरणालाही नको असं लोक धरून चालले होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती.

आता अंगणवाडीच्या रजिस्टरात उकंडा सापडत नाही कारण लेकरं जगतात. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळ सांभाळायला लावलं अन् बालमृत्यू निम्म्यावर आणले, १९९९ ला लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. २०२० ला महाराष्ट्रात वर्षाच्या आत जाणाऱ्या लेकरांचा आकडा हजारी १६ होता. नकुशीचं तसं नाही. नाव कमी झालं तरी नको वाटणं सोनोग्राफीच्या खोलीत गेलं, त्यासाठी गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा करावा लागला.

गावात एखादे उकंडरावजी असतील तर त्यांना नावाचा अर्थ विचारू नका, तुमच्या आधी किती भावंडं झाली होती ते विचारा.