आश्रमातली मुलं मागे पडतात. कुणाच्या मागे?

पुण्यातल्या एका शिशुगृहात पहिल्यांदा गेले, तेव्हा दोनेक वर्षांची एक मुलगी धावत येऊन पायाला बिलगली. ओळख ना पाळख. आम्ही 'किती लाघवी!' म्हणेपर्यंत तिथल्या मावशी म्हणाल्या, "ती सगळ्यांनाच बिलगते."

संस्थेत वाढणाऱ्या मुलांमध्ये हे वागणं जगभर दिसतं. बुद्ध्यांकही कमी भरतो. २००८ साली ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर संस्थेतल्या मुलांची सरासरी ८४ निघाली, कुटुंबातल्यांची १०४.

पण म्हणून लगेच संस्थेला बोल लावू नये. मुळात तिथे येतं कोण? बरीचशी अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं. त्यातही धडधाकट असतील ती आधी दत्तक जातात. उरलेल्यांना मोजून दोष भिंतींना द्यायचा?

हा गुंता सोडवला रोमानियाच्या राजधानीतल्या, बुखारेस्टमधल्या प्रयोगाने. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी संस्थांमधली ६ ते ३१ महिन्यांची १३६ बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्या. निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत गेली, निम्मी होती तिथेच. चिठ्ठीला बाळाचं वजन कळत नाही, सगळी खुबी त्यात. साडेचार वर्षांची झाल्यावर संस्थेच्या गटाचा बुद्ध्यांक ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि पहिल्यापासून आईवडिलांजवळ वाढलेल्या तिथल्याच मुलांचा १०९.

यातले ८ गुण बेलाशक कुटुंबाच्या खात्यावर. किंबहुना जास्तच असावेत, कारण संस्थेच्या गटातली काही मुलं पुढे घरी गेली, तरी हिशेबात ती मूळ गटातच धरली. उरलेल्या २८ गुणांत मात्र गरोदरपण, गरिबी, घर मिळायला झालेला उशीर असं सगळं मिसळलेलं आहे.

बाळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, हे खटकतंच. पण तेव्हा तिथे पालक-कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच, आणि कुणाला घर मिळालं तर संशोधक आड येणार नव्हते.

२००९ च्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात मात्र ६ ते १२ वर्षांची संस्थेतली मुलं मागे नव्हती. तिथे तुलना होती नातलगांकडे वाढणाऱ्या अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांशी, आणि वयही तान्हेपणाचं नव्हे. शिवाय 'संस्था' म्हणजे तरी काय? पुण्यात कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रमही संस्थाच, पण तिथे विधवा शिकत होत्या.

त्यामुळे मी हल्ली असा अभ्यास हाती आला की आधी एका बाळामागे किती हात होते ते शोधते. त्या दुपारी पाळीवर दोन मावशी होत्या. पाळणे मोजले, अकरा.