संघाचे नियम आले कुठून? थोडी मागची गोष्ट

आमच्या ध्यानाच्या ग्रुपमध्ये मध्यंतरी आचारसंहिता लिहायचं ठरलं तेव्हा पहिला सूर असाच होता की आपण सगळे साधनेला आलेली माणसं, आपल्याला कशाला हवेत असले कागद, हे काय ऑफिस आहे का. आणि असं म्हणणारी माणसं वाईट नव्हती, उलट सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मनापासून बसणारी तीच होती. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मग जरा मागे जाऊन वाचायला घेतलं की आपल्या आधीच्या लोकांनी हे नियम केव्हा केले, आणि नेमकं काय घडलं म्हणून केले.

सगळ्यात तपशीलवार हकीकत मिळते ती पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या संघाच्या नियमांच्या ग्रंथात, आणि ती सुरू होते चक्क दुष्काळात. वेरंजा गावाजवळ बुद्ध आणि भिक्षू वर्षावासात आहेत, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहिलेत, भिक्षा मिळत नाहीये, उत्तरेकडून आलेले घोड्यांचे व्यापारी घोड्यांसाठीचं धान्य थोडं थोडं देतात आणि भिक्षू ते उखळात कुटून खातात. अशा दिवसांत बुद्धांचा प्रमुख शिष्य सारिपुत्त एक प्रश्न घेऊन येतो, की आधीच्या बुद्धांपैकी काहींची परंपरा टिकली आणि काहींची लवकर विखुरली, असं का? तर उत्तर येतं की फळीवर सुटी फुलं ठेवली तर वारा ती उडवून नेतो, दोऱ्यात ओवलेली फुलं राहतात, ज्यांनी नियमांचा दोरा घातला त्यांचं टिकलं. सारिपुत्त लगेच हात जोडून म्हणतो, मग आपणही नियम घालून द्या. आणि बुद्ध म्हणतात, थांब. संघ मोठा होईल, जुना होईल, त्याला लाभ मिळायला लागतील, तेव्हा दोष दिसायला लागतील आणि तेव्हा नियम येतील.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपण समजतो की नियम म्हणजे कुणीतरी वर बसून आधीच आखलेली चौकट. इथे उलटं आहे, एकेका नियमामागे एकेक घडलेला प्रसंग आहे, माणूस आहे, गाव आहे. पहिला नियम सुदिन्न नावाच्या भिक्षूमुळे आला, घरी वारस हवा म्हणून आईने गळ घातली, तो आपल्या आधीच्या बायकोकडे गेला आणि नंतर पश्चात्तापाने इतका खंगला की सोबतच्यांनीच विचारलं तुला झालंय काय. नियम झाला, पण ज्याच्या हातून पहिल्यांदा घडलं त्याला त्या नियमाखाली दोषी धरलं नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता. असं करत करत पाली परंपरेतल्या भिक्षूंचे नियम २२७ झाले.

त्यातल्या सगळ्यात जड चार नियमांमध्ये चौथा कुठला आहे माहितीये का? आपल्याला न झालेला साक्षात्कार झाला असं सांगणं. पहिले तीन आहेत ब्रह्मचर्य मोडणं, चोरी आणि माणसाची हत्या, आणि त्यांच्या रांगेत हे. यामागेही दुष्काळच आहे, वग्गुमुदा नदीच्या काठी राहणाऱ्या काही भिक्षूंनी युक्ती काढली की गावकऱ्यांपुढे आपण एकमेकांची तारीफ करायची, हा अमुक अवस्थेला पोचलाय, तो तमुक सिद्धी मिळवून बसलाय. गावकऱ्यांनी स्वतःच्या आणि पोराबाळांच्या तोंडचं काढून यांना दिलं. वर्षावास संपल्यावर सगळे भिक्षू बुद्धांना भेटायला आले तेव्हा बाकीचे हडकुळे, शिरा वर आलेल्या, आणि हे तुकतुकीत. तिथेच फुटलं सगळं. या कृत्याला तिथे सगळ्यात मोठी चोरी म्हटलंय, लोकांचं अन्न चोरून खाल्लं म्हणून. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे पण आध्यात्मिक क्षेत्रातली फसवणूक आजही याच वाटेने येते, आधी अवस्थेचा दावा, मग त्या दाव्यावर मिळणाऱ्या वस्तू.

जैन परंपरेत नियम का वाढतात याच प्रश्नावर एक सुंदर संवाद आहे, उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात. श्रावस्तीला पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम (गौतम बुद्ध नव्हेत) भेटतात, दोघांचेही शिष्य गोंधळलेले, ध्येय एक असताना तुमची व्रतं चार आणि आमची पाच का? गौतम सांगतात की व्रतं माणसं बघून सांगितली जातात, मधल्या काळातली माणसं सरळ आणि शहाणी होती, त्यांना थोडक्यात सांगितलं तरी कळायचं, शेवटच्या काळातली वाकडी आणि मंद, त्यांना सुटं करून सांगावं लागतं. म्हणजे मूल्य तेच, पण पळवाट दिसली की शब्द वाढवावे लागतात. प्रतिक्रमणाचंही, म्हणजे आपले दोष आठवून त्यांची क्षमा मागण्याचंही, तसंच, मधल्या तीर्थंकरांच्या काळी दोष घडला तरच करायचं आणि महावीरांच्या संघात ते नेमाचं, घडलं असो नसो. ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द त्यातूनच सगळ्यांच्या ओळखीचे झाले.

पण नियम असूनही भांडणं व्हायची ती झालीच. कोसंबीचं भांडण वाचलं तेव्हा मी थक्क झाले, शौचाला वापरायच्या भांड्यात कुणीतरी पाणी उरवून ठेवलं एवढं निमित्त, आणि त्यावरून संघाचे दोन तट पडले, बुद्धांनी समजावलं तरी ऐकेनात, शेवटी ते एकटे रानात निघून गेले. भांडण मिटलं कसं, तर गावातल्या लोकांनी या भिक्षूंना मान देणं आणि भिक्षा घालणं बंद केलं तेव्हा. बाहेरच्या साध्या माणसांचा संघावर असलेला हा धाक आपण विसरतो.

पैशाचं प्रकरण बुद्धांच्या निर्वाणानंतर साधारण शंभर वर्षांनी उभं राहिलं, वैशालीत. तिथल्या भिक्षूंनी उपोसथाच्या, म्हणजे संघ एकत्र जमण्याच्या, दिवशी काशाचं भांडं पाण्याने भरून मधे ठेवलं आणि आलेल्या लोकांना म्हणायला लागले, संघाला नाणी द्या, संघाला लागतं. यस नावाचा एक पाहुणा भिक्षू तिथे होता, त्याने लोकांनाच सांगितलं, देऊ नका, हे आम्हाला चालत नाही. रात्री नाण्यांची वाटणी झाली, त्याचाही वाटा आणून दिला, त्याने घेतला नाही. मग शिक्षा कुणाला, तर त्यालाच, लोकांची श्रद्धा दुखावलीस आता त्यांची माफी माग. तो गेला, आणि माफी मागण्याऐवजी बुद्धांनी सोन्याचांदीबद्दल काय सांगितलं होतं ते लोकांपुढे परत मांडून आला. यातून दुसरी संगीती, म्हणजे भिक्षूंची मोठी परिषद, भरली, परंपरेप्रमाणे ७०० भिक्षू जमले, आणि नाण्यांसकट वैशालीच्या दहा सवलती नाकारल्या. जो बोलतो त्यालाच आधी दोषी ठरवायचं हा प्रकार इतका जुना आहे हे वाचून मला वाईटही वाटलं आणि बळही आलं.

पश्चिमेकडे इ.स. ५३० च्या सुमाराला बेनेडिक्ट नावाच्या ख्रिस्ती संताने मठांसाठी नियमावली लिहिली, ७३ प्रकरणांची. त्यात मठाधिपतीला भरपूर अधिकार आहेत, आज वाचताना जरा जास्तच वाटतात. पण तिसरंच प्रकरण म्हणतं की मोठा निर्णय असेल तर सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना, कारण पुष्कळदा देव योग्य गोष्ट सगळ्यात धाकट्याला सुचवतो. शेवटचा शब्द मात्र मठाधिपतीचाच.

क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वेगळा रस्ता धरला, सुरुवातीला त्यांच्याकडे पाद्रीच नव्हता. १६५६ मध्ये इंग्लंडमधल्या बाल्बी इथे जमलेल्या ज्येष्ठांनी आचरणाबद्दल वीस सूचना लिहिल्या आणि खाली लिहिलं की हे तुमच्यावर नियम म्हणून लादत नाही, आतल्या प्रकाशात तपासून घ्या. पुढे सूचनांच्या जोडीला प्रश्न आले, सभेत वाचायचे आणि ज्याने त्याने उत्तर शोधायचं. हे मवाळ वाटतं ना? पण गुलामगिरीच्या बाबतीत याच लोकांनी काय केलं बघा. अमेरिकेतल्या कित्येक क्वेकर घरांत गुलाम होते, समता मानणाऱ्या लोकांच्या घरांत. जॉन वुलमन नावाचा एक शिंपी गावोगाव फिरायचा, गुलाम असलेल्या घरी मुक्काम पडला तर त्या गुलामांनी केलेल्या कामाचे पैसे ठेवून निघायचा, फार न बोलता, यजमानाला ते किती टोचत असेल. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना सभेच्या कामकाजातून दूर ठेवायचं ठरवलं आणि गुलाम बाळगणाऱ्यांना घरोघरी जाऊन भेटायला माणसं नेमली, १७७६ मध्ये गुलाम सोडायला तयार नसलेल्यांना सभासदत्वातूनच काढायचं ठरलं. समता सगळ्यांना मान्यच होती, ती घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

विसाव्या शतकातलं एक उदाहरण मला खूप जवळचं वाटतं, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट. गट वाढले तसा प्रत्येकाने आपला नियम केला, याला घ्यायचं नाही त्याला घ्यायचं नाही, मुख्य ऑफिसने ते सगळे मागवून एकत्र केले तेव्हा लक्षात आलं की हे सगळे लावले तर एकही माणूस आत येऊ शकणार नाही. मग १९४६ मध्ये अनुभवावरून बारा परंपरा लिहिल्या गेल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट, बाहेरची देणगी नाही, आणि पुढारी म्हणजे विश्वासाचे सेवक, सत्ता चालवणारे नाहीत.

आता अलीकडचं. १९६० नंतर पश्चिमेत ध्यानकेंद्रं भराभर वाढली, तिथे शिक्षक आले, साधक आले, पण दोघांमधल्या नात्याला बांध घालणारे जुने नियम सोबत आले नाहीत. घरसंसार असलेल्या शिक्षकाला भिक्षूंचा विनय, म्हणजे त्यांची नियमावली, लागू होत नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही नव्हतंच. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर प्रमुखांच्या वागण्यावरून हादरलं, त्या दशकात इतरही केंद्रांतून तेच ऐकू आलं, लैंगिक संबंध, पैसा, दारू, आणि भोवतालच्यांचं वर्षानुवर्षांचं गप्प बसणं. मार्च १९९३ मध्ये धरमशालेत २२ पाश्चात्त्य बौद्ध शिक्षक दलाई लामांना भेटले आणि नंतर खुलं पत्र काढलं, त्यात साधकांना स्पष्ट सांगितलं की शिक्षकाच्या गैरवर्तनाचा खात्रीचा पुरावा असेल तर ते उघड करा. कॅथलिक चर्चमध्ये २००२ मध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दलच्या बोस्टनच्या बातम्यांनी दार उघडलं, आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि संन्यस्तांना अत्याचाराची माहिती चर्चमधल्या वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं, बिशपविरुद्धच्या तक्रारीही त्यात आल्या. मधली सतरा वर्षं ज्यांनी सोसलं त्यांच्यासाठी हे फार उशिरा आहे, आणि ते तसंच म्हणायला हवं.

एवढं वाचून झाल्यावर ग्रुपच्या पुढच्या मीटिंगला मी फक्त एकच गोष्ट सांगितली, पवारणेची. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्षू उकिडवा बसून हात जोडून संघाला म्हणतो, माझ्याबद्दल जे पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, ते मला सांगा. सुरुवात ज्येष्ठापासून. आणि संयुत्त निकायात असं आहे की श्रावस्तीला अशाच एका पौर्णिमेच्या रात्री स्वतः बुद्धांनी पाचशे भिक्षूंना विचारलं, माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही खटकलंय का?

आमचे सगळ्यात ज्येष्ठ काका, ज्यांचा कागदाला सगळ्यात जास्त विरोध होता, जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पहिली सही माझी घ्या, आणि तक्रार कुणाकडे करायची तिथे माझं नाव नको, माझ्याबद्दलच तक्रार असली तर पोरींनी जायचं कुठे.