इन्शुलिन: कत्तलखान्यातून जिवाणूत

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट म्हटली की टोरंटो, 1921 साल, बँटिंग आणि बेस्ट, स्वादुपिंड काढलेले कुत्रे एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गोष्ट तिथेच संपवायची पद्धत आहे. पण मला त्यानंतरचा भाग जास्त चुरशीचा वाटतो. औषध सापडलं होतं, ते बनवायचं कसं हा घोर मात्र पुढे साठ वर्षं टिकला.

11 जानेवारी 1922 ला टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये 14 वर्षांच्या मधुमेही लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते जनावरांच्या स्वादुपिंडाच्या गढूळ तपकिरी अर्काचं. साखर जरा उतरली, पण टोचलं तिथे गळू झालं. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला, 23 जानेवारीला पुन्हा टोचला आणि या वेळी मुलगा खरोखरच सावरला. पुढचा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. जास्त माल बनवायला घेतल्यावर काही आठवड्यांतच खुद्द कॉलिपला ती कृती जमेनाशी झाली! औषध हातात येऊन निसटलं आणि दारात रुग्ण उभे. अखेर एली लिली कंपनीच्या जॉर्ज वॉल्डनला मार्ग सापडला. अर्काची आम्लता एका ठरावीक पातळीवर आणली, की इन्शुलिन साक्यासारखं तळाशी बसतं. पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी 1 डॉलर घेऊन टोरंटो विद्यापीठाला देऊन टाकलं.

कच्चा माल मात्र कत्तलखान्यातूनच यायचा. जेमतेम 8 औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्शुलिनसाठी डुकरांचे सुमारे 2 टन अवयव लागत. मधुमेही वाढत होते, आणि जनावरं किती कापली जाणार हे मांसाच्या बाजारावर अवलंबून होतं. शिवाय हे इन्शुलिन माणसाचं नव्हतंच. फ्रेडरिक सँगरने 1955 पर्यंत गाईच्या इन्शुलिनमधल्या सगळ्या 51 अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचा, क्रम लावून दाखवला. एखाद्या प्रथिनाचा संपूर्ण क्रम कळण्याची ती पहिलीच वेळ. माणसाशी ताडून पाहिलं तर डुकराच्या इन्शुलिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक निघाला, गाईच्या इन्शुलिनमध्ये तिघांचा. फरक छोटा, पण काही रुग्णांना ॲलर्जी व्हायला तेवढा पुरायचा.

1973 मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी परक्या डीएनएचा तुकडा ई. कोलाय जिवाणूत बसवून तो वाढवून दाखवला. तीन वर्षांनी बॉयरने रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण गुंतवणूकदाराबरोबर जेनेनटेक ही कंपनी काढली. भांडवल सुरुवातीला दोघांचे पाच-पाचशे डॉलर. जिवाणूत माणसाच्या इन्शुलिनचं जनुक बसवून त्याच्याकडून ते बनवून घ्यायचं, हा बेत. पण याच बेताने हार्वर्डचा वॉल्टर गिल्बर्टही कामाला लागला होता. तो मुरलेला शास्त्रज्ञ, पुढे 1980 मध्ये नोबेल मिळवणारा.

गिल्बर्टची वाट अडवली ती नियमांनी. या नव्या प्रयोगांतून भलतेच जंतू तयार होतील या भीतीने 1976 मध्ये हार्वर्डच्या केंब्रिज शहराच्या नगरपरिषदेने असे प्रयोग काही महिने बंदच पाडले. भर सभेत महापौरांनी शास्त्रज्ञांची उलटतपासणी घेतली. बंदी उठली, तरी माणसाचं जनुक वापरायचं तर सर्वांत कडक सुरक्षेची प्रयोगशाळा हवी, हा सरकारी नियम होताच. म्हणून 1978 मध्ये गिल्बर्टची मंडळी थेट इंग्लंडमधल्या पोर्टन डाउनच्या लष्करी तळावर गेली. तिथे कपडे बदला, जंतुनाशकातून चाला, बाहेर पडताना अंघोळ करा, अशी तऱ्हा. एवढं सगळं करून हाती काय आलं? उंदराचं इन्शुलिन जनुक. आधीच्या प्रयोगातलं डीएनए नमुन्यात मिसळलं होतं.

जेनेनटेकने ही कटकटच टाळली. माणसाच्या पेशीतून जनुक काढायचंच नाही. अमिनो आम्लांचा क्रम ठाऊक आहे, मग त्यावरून डीएनएचा क्रम ठरवायचा आणि रसायनं जोडून जनुक बाटलीत तयार करायचं. कृत्रिम डीएनएला ते कडक नियम लागू नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेत केइची इटाकुरा आणि आर्थर रिग्ज यांच्या चमूने हे तुकडे जोडले. इन्शुलिनच्या दोन साखळ्या, एक 21 अमिनो आम्लांची, दुसरी 30 ची. दोघींची जनुकं वेगवेगळी.

यातली खरी करामत जिवाणूला फसवण्याची होती. 1977 मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे छोटं संप्रेरक बनवताना लक्षात आलं होतं, की परकं चिमुकलं प्रथिन दिसलं की जिवाणू त्याचा फडशा पाडतो. त्यावर तोडगा असा, की ते जिवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडायचं आणि नंतर सायनोजेन ब्रोमाइडने छाटून वेगळं करायचं. हे विषारी रसायन नेमकं मेथिओनिन या अमिनो आम्लापाशी कापतं. आणि नशीब असं, की माणसाच्या इन्शुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही! शेपूट तुटते, इन्शुलिनची साखळी शाबूत राहते. ऑगस्ट 1978 मध्ये जेनेनटेकच्या डेव्हिड गोडेलने दोन्ही साखळ्या जुळवल्या आणि शर्यत संपली.

जेनेनटेकचा शेअर 14 ऑक्टोबर 1980 ला 35 डॉलरला बाजारात आला आणि तासाभरातच 88 पर्यंत चढला. बाजारात विकायला कंपनीकडे तेव्हा स्वतःचं एकही औषध नव्हतं. इन्शुलिन मोठ्या प्रमाणावर बनवून विकण्याचं काम लिलीकडे होतं. 1982 मध्ये 'ह्युम्युलिन' नावाने अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जनुकीय तंत्राने बनवलेलं हे पहिलं औषध. आपल्याकडे वोखार्ट कंपनीने 2003 मध्ये 'वोसुलिन' आणलं. तिचा जैवतंत्रज्ञान कारखाना औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. आणि तिथे राबायला ई. कोलायऐवजी यीस्ट होतं.