नासो टँग : घरगुती मत्स्यालयातील संगोपन

सर्जनमाशांच्या (ॲकँथ्युरिडी; व्यापारात ‘टँग’) कुलातील, प्रवाळखडकांवर राहणारा मोठा शाकाहारी सागरी मासा. लांबी सुमारे ४५ सेंमी.पर्यंत.

व्यापारात या एकाच नावाने दोन जाती विकल्या जातात. पॅसिफिकमधील ‘नासो लिट्युरॅटस’ या जातीचे वर्णन फोर्स्टर यांनी १८०१ मध्ये केले, तर तांबडा समुद्र व हिंदी महासागरातील ‘नासो एलिगन्स’चे रूपेल यांनी १८२९ मध्ये. दुसरी जाती दीर्घकाळ पहिलीचाच स्थानिक रंगभेद समजली जाई. आता बहुतेक अभ्यासक त्या वेगळ्या मानतात व तेच सयुक्तिक दिसते : लिट्युरॅटसचा पाठीवरील पर बराचसा काळा, तर एलिगन्सचा पिवळा असतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवरील मासा एलिगन्स होय. दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी प्रत्येक बाजूस दोन नारिंगी अस्थिपट्ट असून त्यांवरील पुढे वळलेले काटे कायम बाहेर असतात. ॲकँथ्युरस प्रजातीत मात्र एकच काटा असतो व तो खाचेत मिटतो. म्हणून नासो जाळ्यात अडकून जखमी होतो. त्याला भांड्याने पाण्यासकट उचलावे.

टाकीच्या आकाराबद्दल मतभेद आहेत. छंदिष्टांत किमान ६८० लि. व १८० सेंमी. लांबी हे प्रमाण रूढ आहे. पूर्ण वाढलेल्या माशाला तेही अपुरे, असे काहींचे मत. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरील सर्जनमाशांच्या कर्णाश्मांतील (कानातील चुनखडीच्या खड्यांतील) वाढीची वलये मोजून चोट व ॲक्स यांनी १९९६ मध्ये दाखवले, की या कुलातील अनेक मासे पहिल्या तीन-चार वर्षांतच बहुतेक वाढ पुरी करतात आणि पुढे काही दशके जगतात. म्हणजे ‘लहान आहे तोवर लहान टाकी’ या हिशेबाला सवड फारच थोडी मिळते, आणि त्या चुकीची किंमत मासा वर्षानुवर्षे मोजतो.

निसर्गात त्याचा मुख्य आहार सरगॅसम, डिक्टिओटा यांसारखी तपकिरी शैवले. (सरगॅसम मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावरही वाढते.) टाकीत नोरीचे (वाळवलेल्या खाद्य सागरी शैवलाचे) ताव चिमट्याला लावून रोज द्यावेत, तपकिरी शैवल मिळाल्यास उत्तम. सर्जनमाशांच्या आतड्यांत सूक्ष्मजीवांचे समृद्ध विश्व असते. तांबड्या समुद्रातील अशाच एका माशात १९८५ मध्ये आढळलेला एप्युलोपिसियम हा जीव इतका मोठा, अर्ध्या मिलिमीटरहून लांब, की तो आधी आदिजीव वाटला. तो जीवाणू असल्याचे १९९३ मध्ये सिद्ध झाले. उपाशी ठेवलेल्या टँगमध्ये या सहवासाचे नेमके काय होते, हा प्रश्न पालकांनी गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

डोके व पार्श्वरेषेची (अंगाच्या दोन्ही बाजूंवरील संवेदी रेषेची) झीज हा बंदिवासातील टँगचा नेहमीचा विकार. कुपोषण, भटके विद्युत्‌प्रवाह, परजीवी अशी कारणे सुचवली गेली. अटलांटिकमधील ओशन सर्जनफिशवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाणी गाळण्यासाठी वापरलेल्या लिग्नाइट कोळशाशी त्याचा स्पष्ट संबंध दिसला. हे सर्वांत भक्कम प्रमाण वाटते. तरी आहाराचा वाटा नाकारता येत नाही.

क्रिप्टोकॅरिऑन या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगास टँग लवकर बळी पडतो, म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा. पिवळा टँग (हवाई, २०१५) व निळा टँग (फ्लोरिडा, २०१६) यांची बंदिवासात पैदास साधली; व्यापारातील नासो मात्र मुख्यतः समुद्रातूनच पकडलेला असतो.