एकट्याने काम करू पाहणारा कर्मचारी : पार्श्वभूमी

नोकरीच्या जाहिरातीत ‘टीममध्ये काम करण्याची तयारी’ ही अट आज इतकी रुळली आहे की, एकट्याने काम करू पाहणारा कर्मचारी सहज माणूसघाणा ठरतो. वास्तविक या पसंतीमागे अनेकदा स्वभावापेक्षा मजुरी, श्रेय आणि कामाचा वेग यांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब किमान शंभर वर्षे जुना आहे.

टोळीत मेहनती मजूरही अंगचोरांच्या पातळीला उतरतो, असे शास्त्रीय व्यवस्थापनाचा पाया घालणारे अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९११च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. त्यांनी जिथे काम केले त्या अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कंपनीत चारपेक्षा जास्त मजुरांची टोळी लावायची असेल, तर मुख्य अधीक्षकांच्या सहीचा आणि आठवडाभरच चालणारा परवाना लागे. सुमारे ५,००० मजुरांचा कारभार पाहणाऱ्या अधीक्षकांना अशा सह्यांसाठी फारसा वेळ उरत नसे, हेही टेलर सांगतात, आणि असे परवाने क्वचितच दिले जावेत, हाच या नियमाचा हेतू असावा.

गटाने काम करण्याच्या बाजूचा उलट प्रवाह शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांपासून (१९२४–३२) जोर धरू लागला. कामगाराला सोबत्यांची गरज असते, ही हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांची मांडणी तिथून व्यवस्थापनशास्त्रात रुजली. मात्र त्याच कारखान्यात १९३१-३२मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या सामग्रीची तारजोडणी करणाऱ्या १४ जणांच्या खोलीत जे दिसले, त्याचा उल्लेख फारसा आवर्जून होत नाही. मजुरी गटाच्या उत्पादनावर ठरत असूनही दिवसाचे ‘पुरेसे’ काम किती, हे कामगारांनी आपापसांत ठरवून घेतले होते. जास्त काम दिसले तर दर तरी घटतील किंवा माणसे तरी, ही त्यामागची धास्ती. जो भराभर हात चालवी, त्याच्या दंडावर शेजारी गुद्दा हाणत. अशा खोलीतल्या चपळ कामगाराला एकट्याने बसावेसे वाटले, तर त्यात तुसडेपणा शोधण्याचे कारण नाही.

पुढे अमेरिकी जाहिराततज्ज्ञ ॲलेक्स ऑसबर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने एकत्र बसून मोकळेपणाने कल्पना सुचवण्याची पद्धत, लोकप्रिय केले. १९५८च्या येल विद्यापीठातील प्रयोगात मात्र स्वतंत्रपणे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज, एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पनांच्या जवळजवळ दुप्पट भरली.

अहमदाबादच्या कॅलिको मिलचे उदाहरण या ओळीत चटकन बसत नाही. तिथे स्वयंचलित मागांवर प्रत्येकाकडे कामाचा एकेक तुकडा असे आणि कोणी कोणाच्या मदतीला जायचे, हे स्पष्ट नव्हते. १९५३मध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी लहान गटांची कल्पना मांडताच कामगारांनी ती उचलून धरली. उत्पादन वाढले आणि कापडाची खराबी घटली. हॉथॉर्नच्या खोलीतले सोबती नेमून दिलेले होते. इथले गट कामगारांनी स्वतः जुळवले होते.