ग्रँड स्लॅममधील सातत्य

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या टेनिसच्या चार मोठ्या, म्हणजेच ग्रँड स्लॅम, स्पर्धांत एखादा खेळाडू ठरावीक फेरीपर्यंत ओळीने किती वेळा पोहोचला, यावरून त्याचे सातत्य जोखले जाते. विजेतेपदांच्या संख्येवरून खेळाडूचे चांगले दिवस मोजता येतात. सातत्याचा आकडा वाईट दिवसांचा हिशेब देतो: पाठ धरली आहे, पहिली सर्व्हिस पडत नाही, समोरचा बेभान खेळतो आहे, अशा दिवशीही सामना निघाला की नाही.

एकेरीच्या मुख्य सोडतीत आता १२८ खेळाडू आणि सात फेऱ्या असतात. उपांत्यपूर्व फेरीसाठी चार, उपांत्य फेरीसाठी पाच आणि अंतिम फेरीसाठी सहा सामने जिंकावे लागतात. तुलनेआधी यांपैकी एक पायरी पक्की करावी. पहिल्या मानांकिताला (बलवान खेळाडू सुरुवातीलाच भिडू नयेत म्हणून सोडतीत दिलेला क्रम म्हणजे मानांकन) उपांत्यपूर्व फेरी गाठेपर्यंत पहिल्या आठांतले कोणी भेटत नाही, त्यामुळे ती पायरी थोडी सैल आहे. अंतिम फेरीची साखळी एकाच तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यापायी तुटू शकते. उपांत्य फेरी या दोन्हींच्या मधली, म्हणून सर्वांत सोयीची.

या पायरीवर पुरुषांत रॉजर फेडररच्या जवळपास कोणी नाही. २००४च्या फ्रेंच स्पर्धेत तिसऱ्या फेरीत गुस्ताव्हो कुएर्टनने त्याला हरवले. त्यानंतरच्या विम्बल्डनपासून २०१०च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपर्यंत तो ओळीने २३ वेळा उपांत्य फेरीत होता. आधीचा विक्रम इव्हान लेंडलचा, १० स्पर्धांचा. २०१०च्या फ्रेंच स्पर्धेत रॉबिन सॉडरलिंगने ही साखळी तोडली, तरी उपांत्यपूर्व फेऱ्यांची साखळी ३६पर्यंत गेली. ती २०१३च्या विम्बल्डनला दुसऱ्या फेरीत जागतिक क्रमवारीत ११६व्या असलेल्या सर्गेई स्टाखोव्हस्कीने संपवली. २००५चे विम्बल्डन ते २०१०ची ऑस्ट्रेलियन या १९ स्पर्धांत फेडरर १८ अंतिम सामने खेळला. मधली एकच हुकली ती २००८ची ऑस्ट्रेलियन. तिथे उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविच जिंकला.

२३ उपांत्य फेऱ्या म्हणजे त्या त्या स्पर्धेतले पहिले पाच, असे एकूण ११५ सामने एकदाही न हरता काढणे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तर ११५ सामने सलग निघण्याची शक्यता पाव टक्क्याच्या थोडी वर येते. ९८ टक्के धरली तर सुमारे १० टक्के, ९९ धरली तर ३१ टक्के. म्हणजे ९५ आणि ९९ यांतला फरक एकेका सामन्यात डोळ्यांना दिसणारही नाही, पण साखळीत तोच सगळा फरक असतो.

अशी साखळी किती बारीक धाग्यावर लटकते ते १ जून २००९ला पॅरिसमध्ये, फ्रेंच स्पर्धेत दिसले. चौथ्या फेरीत टॉमी हासने पहिले दोन सेट घेतले होते. तिसऱ्यात ३-४, सर्व्हिस फेडररची, ३०-४० आणि ब्रेक पॉइंट, म्हणजे हा गुण हरला तर स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गेला. तो गेला असता तर हास ५-३ने पुढे जाऊन सामन्यासाठीच सर्व्हिस करणार होता. फेडररने बॅकहँडच्या कोपऱ्यात सरकून आडवा फोरहँड मारला आणि गुण वाचवला. मग ६-४, ६-०, ६-२. आदल्याच दिवशी सॉडरलिंगने राफेल नदालला गारद केले होते. फेडररने कारकिर्दीतले एकमेव फ्रेंच विजेतेपद मिळवले ते त्याच वर्षी.

गैरहजेरीचा प्रश्न

तुलना सर्वांत जास्त फसते ती इथे. ‘सलग’ म्हणजे झालेल्या स्पर्धा की खेळलेल्या स्पर्धा? महिलांत ख्रिस एव्हर्टने १९७१ची अमेरिकन ते १९८३ची फ्रेंच या काळात खेळलेल्या सर्व ३४ स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली. आकडा फेडररपेक्षा मोठा, पण त्या काळात प्रत्यक्षात ४७ स्पर्धा झाल्या (१९७७मध्ये ऑस्ट्रेलियन दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरात). उरलेल्या १३ ती खेळलीच नाही: नऊ ऑस्ट्रेलियन आणि चार फ्रेंच. त्यांतल्या १९७६ ते १९७८च्या तीन फ्रेंच स्पर्धा तिने अमेरिकेतल्या वर्ल्ड टीम टेनिस या सांघिक स्पर्धेपायी सोडल्या. हा आळस म्हणता येत नाही. त्या काळी चारही स्पर्धा खेळायलाच हव्यात अशी रीत नव्हती. ब्यॉन बोर्ग ऑस्ट्रेलियाला एकदाच गेला. कारकिर्दीतल्या ५६पैकी ५२ स्पर्धांत एव्हर्ट उपांत्य फेरीत होती, आणि हे प्रमाण मात्र कोणत्याही व्याख्येने थक्क करणारे आहे.

एकही स्पर्धा न चुकवण्याची कडक अट लावली तर स्टेफी ग्राफचे नाव पुढे येते. १९८७ची फ्रेंच ते १९९०ची फ्रेंच असे ओळीने १३ अंतिम सामने ती खेळली आणि त्यांतले नऊ जिंकली. मार्टिना नवरातिलोवाचे सलग ११ अंतिम सामने (१९८५ची फ्रेंच ते १९८७ची अमेरिकन) मोजताना १९८६ची ऑस्ट्रेलियन शोधत बसू नये. ती स्पर्धा डिसेंबरातून जानेवारीत नेल्यामुळे त्या वर्षी झालीच नाही. अँडी मरे २०११ ते २०१५ या काळात खेळलेल्या सलग १८ स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीत होता, पण मध्ये २०१३ची फ्रेंच त्याने सोडली होती. व्याख्या बदलली की साखळीचे दोन तुकडे होतात.

माघार घेऊन प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल दिल्याचा हिशेबही वेगळा. २०१६च्या फ्रेंच स्पर्धेत नदालने दोन सामने जिंकून मनगटाच्या दुखापतीमुळे माघार घेतली. न खेळलेला सामना पराभवात धरत नाहीत, म्हणून तिथली त्याची ११२ विजय, ४ पराभव ही नोंद स्वच्छ दिसते. साखळी मोजणाऱ्याला मात्र ते वर्ष ‘तिसरी फेरी’ म्हणूनच लिहावे लागते.

टक्केवारीचे सापळे

बोर्गने २७ स्पर्धांत ११ विजेतेपदे मिळवली, १४१ सामने जिंकले, १६ हरला. म्हणजे जवळपास ९० टक्के. फेडररचे ३६९ विजय आणि ६० पराभव, म्हणजे ८६ टक्के. यावरून बोर्ग सरस ठरवण्याची घाई करू नये. त्याची शेवटची ग्रँड स्लॅम स्पर्धा १९८१ची, वय २५. उतरणीची वर्षे त्याच्या हिशेबात नाहीतच. फेडरर ३९व्या वर्षीही विम्बल्डन खेळत होता. असा भेद टाळायचा तर दोघांची सारख्या वयाची वर्षे काढून ताडावीत. पीट सॅम्प्रसच्या बाबतीत एकूण सरासरीपेक्षा कोर्टनिहाय फोड जास्त बोलते: १४ विजेतेपदे, पण मातीच्या कोर्टवरच्या फ्रेंच स्पर्धेत १३ प्रयत्नांत एकच उपांत्य फेरी.

काळाकाळातली परिस्थितीही हिशेबात घ्यावी. २००१च्या विम्बल्डनपासून मानांकने १६ची ३२ झाली. आधी क्रमवारीतला १७वा पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूच्या वाट्याला येऊ शकत असे. आता मानांकित खेळाडू तिसऱ्या फेरीआधी समोर येत नाही. त्याच वर्षापासून विम्बल्डनची हिरवळ पूर्ण रायगवताची झाली आणि चेंडूची उसळी बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) खेळणाऱ्यांना मानवू लागली. पाच सेटचे सामनेही बलवानाच्या पथ्यावर पडतात. एक सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर तीन सेटचा सामना जिंकण्याची ७८ आणि पाच सेटचा ८४ टक्के होते. महिलांचे सामने तीन सेटचे असल्याने एव्हर्टचा हिशेब या बाजूने आणखी वजनदार ठरतो, तर त्या काळच्या महिला टेनिसमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांतली चुरस कमी होती याने तो काहीसा उतरतो.

जोकोविचच्या साखळ्या तुलनेने आखूड आहेत: १४ उपांत्य, २८ उपांत्यपूर्व. पण २०२५अखेर त्याच्या एकूण उपांत्य फेऱ्या ५३ झाल्या, फेडररच्या ४६. एकाची सलगता दाट, दुसऱ्याचा पल्ला लांब. या दोन आकड्यांची बेरीज करून एकच ‘सातत्य गुणांक’ काढण्यात अर्थ नाही.

नुसत्या हजेरीचा विक्रम वेगळाच आहे. तो फेलिसियानो लोपेझचा: २००२ची फ्रेंच ते २०२२ची ऑस्ट्रेलियन, सलग ७९ स्पर्धा (२०२०चे विम्बल्डन रद्द झाल्याने धरलेले नाही). या ७९मध्ये तो उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे एकदाही गेला नाही.